छपरावरचे पाणी आणि दासोह



बाराव्या शतकात सोलापूरला सोन्नलिगे म्हणत. तेथे शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन तळे खणले. 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' या अंकिताने वचने रचणाऱ्या या शरणाने पाणी अडविण्यालाच आपले कायक मानले. 'शून्यसंपादने' या ग्रंथात पुढचा प्रसंग येतो. अल्लमप्रभू सोन्नलिगेला आले आणि त्यांनी सिद्धरामांना माती खणणारा म्हणून हिणवून हाक मारली. भक्तमंडळी खवळली. प्रभूंना तळ्याचा राग होता काय? नव्हे. तळे खणले, पण 'मी खणले' हा अहंकार खणून काढला काय, एवढेच त्यांना विचारायचे होते.

हा प्रसंग आम्ही प्रवचनात कितीदा तरी सांगितला. त्याचा अर्थ मात्र आम्हाला एका आजींनी शिकविला.

आमच्या मठात नवे सभागृह झाले. पुढचे अंगण चिखल नको म्हणून सिमेंटने बांधून घेतले. छपराचे पाणी नळीने थेट बोळात सोडले. काम नेटके झाले, असे आम्हीच सर्वांना कौतुकाने सांगत होतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी खालच्या गल्लीतील एक आजी दर्शनाला आल्या. पदर ओला होता. नमस्कार करून म्हणाल्या, "अप्पाजी, मठाचा प्रसाद आमच्याकडं नेहमी येतोय. काल मठाचं पाणीबी आलं बघा. जोंधळ्याचं पोतं भिजलं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते अधिक लागले. दासोहाच्या पंगतीत जोंधळ्याची भाकरी वाढणारा मठ, एका घरचा जोंधळा भिजवून बसला होता. आम्ही त्यांची क्षमा मागितली, पोते भरून दिले. पण तेवढ्याने दोष फिटत नाही.

मग हिशेब मांडला. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी. सभागृहाचे छप्पर २०० चौरस मीटरचे. ५० मिलिमीटर पावसात त्यावर १०,००० लिटर पाणी पडते. म्हणजे एक मोठा टँकर! उन्हाळ्यात असाच टँकर आम्ही पैसे मोजून आणतो, आणि पावसाळ्यात तेवढेच पाणी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर ढकलतो. जंगम दाराशी आला तर आपण पाय धुऊन त्याला आत घेतो. पाणी हेही चालते-फिरते, दाराशी आलेले जंगमच नव्हे काय? त्याला आपण गटाराची वाट दाखवितो.

दुसऱ्या पावसाळ्यापूर्वी अंगणातील निम्मे सिमेंट फोडले. नळीचे तोंड बोळाकडून बागेकडे वळविले. भिंतीपासून दहा फूट दूर, उतारावर, वीतभराहून कमी खोलीची तीन पसरट आळी एकाखाली एक केली. पाणी पडते तेथे दगड रचले, म्हणजे माती वाहून जात नाही. आळ्यात कर्दळ, अळू आणि केळ, आणि काठावरच्या उंचवट्यावर जास्वंद व पूजेसाठी बेल लावला. शेवटच्या आळ्याचे जादा पाणी शेजाऱ्याकडे न जाता रस्त्याच्या मोठ्या नालीला जाईल अशी वाट ठेवली.

आपणही हे करू शकता. खणण्यापूर्वी हातभर खड्डा पाण्याने भरून पाहा. तांबड्या मुरमाड मातीत पाणी लवकर जिरते. काळ्या मातीत सावकाश, म्हणून तेथे आळे उथळ आणि रुंद करावे. पाणी एका दिवसात जिरले पाहिजे. आठवडाभर साचले तर त्यात डास होतात. मृगापूर्वी छपरावरचा पालापाचोळा काढावा. दर पावसाळ्यानंतर आळ्यात बसलेला गाळ उपसावा.

तीन आळ्यांत मिळून तीनएक हजार लिटर पाणी राहते. मुरते ते वेगळे. सगळे पाणी काही मावत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला, तसा नदीचा पूर अंगणातील आळ्याने अडत नाही. पण एरवीच्या सरीचे पाणी जागीच जिरते, आणि मोठ्या पावसाचा पहिला लोंढा बोळात एकदम धावत नाही. गल्लीतील प्रत्येक घराने आपले थोडे पाणी असे थांबविले, तर खालच्या घराचा भार किती हलका होईल, याचा विचार करावा.

बाग आता चांगली वाढली आहे. येणारे भक्त तिची स्तुती करतात, आणि मन पुन्हा सुखावते. तेव्हा अल्लमप्रभूंची ती हाक आम्हाला ऐकू येते. ही बाग आमचे पुण्य नव्हे. आमच्याच हातून झालेल्या चुकीची ती दुरुस्ती आहे. पाणी शिवाचे, माती शिवाची, आपण फक्त वाट अडविली होती ती मोकळी केली. कायक करावे, फळ दासोहाला द्यावे, आणि कर्तेपणा तेथेच मातीत जिरू द्यावा.

पुढचा पाऊस येईल तेव्हा क्षणभर दारात उभे राहा. आपल्या छपराचे पाणी कोणाच्या घराकडे जाते, ते डोळ्यांनी पाहा. त्या दिवसाची इष्टलिंगपूजा तेथूनच सुरू झाली असे समजा.

शरणु शरणार्थी.