उजेड पुरता मां?

२००९ सालची दिवाळी. नोकरीतला पहिला बोनस हातात आला आणि मी ठरवलं, कॅमेरा घ्यायचा. शर्टाच्या खिशात मावेल एवढाच, पण त्यात काहीही कमी नको. ऑफिसच्या जुन्या डायरीत रकाने आखले: मेगापिक्सेल, झूम, स्क्रीन, व्हिडिओ. तीन आठवडे रोज रात्री आकडे उतरवले. शेवटी एक कॅमेरा सगळ्यांच्या वर आला. १२ मेगापिक्सेल, १२ पट झूम. त्याच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या आणि शनिवारी सीएसटीला उतरून बोराबाजार गाठला.

दुकान अरुंद होतं. गल्ल्यामागे साठीच्या पुढचे शेठ बसले होते, चष्मा कपाळावर चढवलेला. मी नाव सांगताच त्यांनी तो कॅमेरा काढून समोर ठेवला, पण खोका मात्र काढला नाही.

"पहिला फोटो कोणाचा काढणार?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सगळंच काढायचंय. डोंगर, किल्ले, घरची लग्नं. कधी ताडोबाला गेलो तर वाघ.

"ताडोबाला गेलात की या, मग बोलू. पहिला फोटो कोणाचा?"

त्या प्रश्नाला माझ्या डायरीत रकाना नव्हता, उत्तर मात्र होतं. ते मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. माझा मामा दशावतारात काम करतो. कुडाळजवळच्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या जत्रांत तीस वर्षं त्याने स्त्रीपार्ट केले. तारामती, द्रौपदी, कधी नुसती एखादी दासी. त्याचा घरात एकच फोटो होता, सगळ्या कंपनीचा, फ्लॅश मारून काढलेला. त्यात चेहरे पिठासारखे पांढरे पडले होते आणि मागे नुसता काळोख. मला तो रंगताना हवा होता. देवळामागच्या पडवीत पेटाऱ्यापुढे मांडी घालून बसलेला, झाकणाला आरसा टेकवलेला, वर एक पिवळा बल्ब.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून दुकानातल्या ट्यूबलाइट बंद केल्या. गल्ल्यावरचा एक दिवा तेवढा राहिला. चहावाला पोरगा नुकताच आत आला होता, तो दारातच थबकला.

"ओत रे तू. फ्लॅश बंद करा आणि याचा फोटो काढा."

पोराने केटली उंच धरून कपात धार सोडली. मी बटण दाबलं. स्क्रीनवर पोरगा होता, पण मेणाचा असावा तसा. डोळे-नाक एकात एक मिसळलेले, कपड्यांवर रव्यासारखे दाणे, चहाच्या धारेच्या जागी तपकिरी पट्टा. मी म्हटलं, हात हलला असेल.

"हात हलला तर हा सांभाळून घेतो, तशी सोय आहे यात. समोरचा माणूस हलला तर काही करू शकत नाही. त्याला उजेडच हवा."

मग त्यांनी दुसरा कॅमेरा काढला. काळा, साधा, बिनदिखाऊ. कॅनन पॉवरशॉट एस९०, त्याच वर्षी आलेला. १० मेगापिक्सेल आणि झूम चार पटींपेक्षाही कमी. माझ्या डायरीत तो खालून तिसरा होता. पोराने पुन्हा धार धरली, मी पुन्हा बटण दाबलं. या फोटोत कपावरची वाफ होती. पोराची जीभ दातांत धरलेली होती, हे मला स्क्रीनवरच पहिल्यांदा दिसलं.

आकडे कमी आणि फोटो सरस, हे कसं? मी अडून बसलो. शेठनी मात्र घाई केली नाही. मला वाटतं, विक्रीपेक्षा समजावण्यातच त्यांना जास्त आनंद होता.

"अंगणात एक परात ठेवलीय असं धरा. तिच्यात दहा वाट्या बसतात. त्याच परातीत चौदा बसवायच्या तर वाट्या लहान घ्याव्या लागतील. पाऊस धो धो असेल तर लहान-मोठ्या सगळ्याच भरतील. भुरभुर असेल तर? लहान वाटीत चार थेंब. चार थेंबांत रंग कुठला आणि दाणा कुठला, ते यंत्राला कळत नाही. मग ते अंदाजाने लिंपून टाकतं. तुम्हाला मेण दिसलं ना, ते हेच."

परात म्हणजे सेन्सर, करंगळीच्या नखाएवढा एक तुकडा. वाट्या म्हणजे त्याच्यावरचे पिक्सेल. काळ्या कॅमेऱ्यातला तुकडा दुसऱ्याच्या साधारण दीडपट होता आणि त्यात वाट्या कमी होत्या. शिवाय भिंगाचं तोंडही मोठं. त्याच्यावर एफ २ लिहिलं होतं, माझ्या लाडक्यावर एफ ३.४. हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. या दोन आकड्यांतला फरक जवळपास तिप्पट उजेडाचा. हे दोन्ही आकडे मी डायरीत उतरवले नव्हते. ते खोक्यावर ठळक छापलेले नसतात.

शेठनी आणखी एक गोष्ट सांगितली, तेव्हा माझी उरलीसुरली शंका गेली. याच कंपनीने २००८ मध्ये जी१० नावाचा कॅमेरा काढला, १४.७ मेगापिक्सेलचा. पुढच्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ जी११ आला, तो १० मेगापिक्सेलचा. आकड्यांच्या शर्यतीत कंपनी स्वतःहून मागे आली होती. जाहिरातीत मोठा आकडा मिरवायची संधी सोडून अंधारातला फोटो सुधारायचा, हा निर्णय मला आजही मोठा वाटतो.

"आणि झूम?" मी शेवटचं विचारलं.

"याचं झूम पूर्ण ताणलंत तर उजेड सहावा हिस्सा उरेल. ताणू नका. पुढे जाऊन बसा. मामा तुमचाच आहे ना?"

मी काळा कॅमेरा घेतला.

कार्तिकातली जत्रा. समुद्राकडून गार वारा येत होता. युद्धाचा प्रसंग मला सभामंडपाच्या या टोकाहून नीट टिपता यायचा नाही, हे मी जाणून होतो आणि त्याचं दुःख खरंच होतं. १२ पट झूम असता तर तलवारी, मुकुट, गिरक्या सगळं जवळ आलं असतं. अंधुक का होईना, आलं असतं. पण मी त्या बाजूला गेलोच नाही. पालखी परतल्यावर सरळ मागच्या पडवीत शिरलो.

मामाने सफेदा लावायला घेतला होता. मला पाहून म्हणाला, "ये, बस." खिशातून कॅमेरा काढला तरी त्याच्या बोटांची लय मोडली नाही. एवढ्याशा वस्तूला कोण बिचकणार? मी पेटाऱ्याला गुडघा टेकवून बसलो. त्याच्या चेहऱ्याला खोबरेल तेलाचा वास होता.

"उजेड पुरता मां तुका?"

"पुरता," मी म्हटलं.

डाव्या गालावर रंग चढला. डावी भुवई कोरली गेली, डाव्या डोळ्यात काजळ आलं. उजवी बाजू अजून मामाची होती. उन्हाने रापलेली, कानाजवळ वस्तऱ्याची ताजी खूण असलेली. बाहेर मृदंग आणि झांजा चढल्या, संकासुराचं बोलणं सुरू झालं, माणसं खदखदून हसली. त्या हशात मी बटण दाबलं. कॅमेऱ्याचा आवाज मला स्वतःलाही ऐकू आला नाही.

मग त्याला स्क्रीन दाखवली. त्याच्या पेटाऱ्यातला आरसा तळहाताएवढा होता, पारा उडालेला. त्यात एका वेळी एक डोळा दिसे, नाहीतर ओठ. कुंचला हातात तसाच धरून तो बराच वेळ बघत राहिला. अर्धी द्रौपदी, अर्धा तो.

"ह्यां त्वांड मी कधी बघूक नाय," तो म्हणाला.

बाहेरून कोणीतरी हाक मारली, आख्यान सुरू व्हायला वेळ नव्हता. मामाने सफेद्याची डबी उचलली, पण उघडली नाही. ती मांडीवर ठेवून त्याने न रंगवलेला गाल हळूच बल्बाकडे वळवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता ह्या बाजूचो एक काढ."