अबुकीरचे प्लग

नीटची परीक्षा बहुधा मेच्या पहिल्या आठवड्यात असते. त्यामुळं एप्रिल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात खोल्याखोल्यांतलं बोलणं कमी होतं. बापानं सोयाबीन विकून भरलेली फी, भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक आणि शेजारच्या कॉटवरचा पोरगा आपल्यापुढं किती गेला याची धास्ती. लातूर पॅटर्ननं मराठवाड्याला शेकडो डॉक्टर दिले, हे खरंच. पण त्या वयातल्या लेकरांना ही धास्ती एकट्यानं वागवावी लागते, आणि तिच्याकडं फारसं कुणी बघत नाही.

अशाच एका खोलीत उदगीरकडचा एक आणि कंधारकडचा एक, अशी दोन पोरं राहायची. ऐन उजळणीच्या दिवसांत कंधारच्याला टायफॉइड झाला आणि आठवडाभराचे क्लास बुडाले. त्यानं फिजिक्सची वही मागितली. उदगीरच्यानं सांगितलं, "गावाकडं राहिली रे." वही गादीखाली होती.

घरमालकांचे वडील खाली अंगणात जुनी स्कूटर उघडून बसले होते. हवाईदलात इंजिन फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. उदगीरचा पाण्याची बाटली भरायला खाली आला आणि तिथंच घुटमळत राहिला. आजोबांनी विचारलं, "काय करलालास रे? झोप नाही का?" मग पोरानं सगळं सांगून टाकलं. वर म्हणाला, "मी वही दिली अन् तोच पुढं गेला तर?"

आजोबांनी पान्यानं प्लग काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. टोकाला काळी काजळी बसली होती. "कचरा आलाय. एवढ्याशा जिनसेपायी गाडी जागची हलत नाही. विमानाचंही तसंच. बस इथं."

आणि त्यांनी 1930 सालची गोष्ट सांगितली. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट दिशेनं, ठरलेल्या मुदतीत एकट्यानं विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी पाचशे पौंडांचं बक्षीस लावलं होतं. तिघं उतरले. रावळपिंडीचे सरदार मनमोहनसिंग, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर आणि पंचवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा. तिघांचीही विमानं जिप्सी मॉथ. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, पंखांच्या दोन जोड्या आणि चार सिलिंडरचं इंजिन. बसायची जागा उघडी, वारा थेट तोंडावर. रेडिओ नाही. होकायंत्र बघायचं, नकाशा मांडीवर धरायचा आणि खाली नदी दिसते की रेल्वेचे रूळ, ते शोधत जायचं. मनमोहनसिंगांची वाट चुकली, पुढं मुदत हुकली. उरले दोघं. अस्पी इंग्लंडहून कराचीकडं निघाला होता, टाटा कराचीहून इंग्लंडकडं.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर नावाचा हवाईतळ होता. टाटा तिथं उतरले, तर समोर आणखी एक जिप्सी मॉथ उभी. चौकशी केली तेव्हा कळलं, ती अस्पीची. इंजिनचे प्लग गेलेले, जवळ जादा प्लग नाहीत, म्हणून पोरगा अडकून पडलेला.

"टाटांना काय करायचं होतं? काहीच नाही," आजोबा म्हणाले. "खोटंही बोलायचं नव्हतं. टाकी भरायची अन् उडायचं. बक्षीस त्यांचंच होतं."

टाटांनी आपल्याकडचे जादा प्लग काढून त्याला दिले. अस्पीजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं. त्यानं आपलं लाइफ जॅकेट टाटांना दिलं, कारण त्यांना पुढं समुद्र ओलांडायचा होता. दोघं दोन दिशांना उडाले. थोडक्या फरकानं अस्पी आधी पोचला आणि बक्षीस त्याला मिळालं.

पोरगा हुशार होता. म्हणाला, "आजोबा, ते टाटा होते. पाचशे पौंडांनी त्यांचं काय अडणार होतं?"

"पौंड सोड. पहिलं येण्याचं वेड त्यांना नव्हतं असं वाटतं का तुला? हिंदुस्थानात दिलेलं वैमानिकाचं पहिलं लायसन त्यांचं, 10 फेब्रुवारी 1929 चं. एक नंबरची गोडी त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार?"

मग त्यांनी पुढचं सांगितलं. 8 ऑक्टोबर 1932 ला हिंदी हवाईदलाची स्थापना झाली. बरोबर आठवड्यानं, 15 ऑक्टोबरला, टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ विमानानं निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. पुढं मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिंटसेंट यांनी उडवला. तीच टपालसेवा वाढत वाढत एअर इंडिया झाली. त्याच द्रिघ रोडवर पुढच्या एप्रिलमध्ये हवाईदलाची पहिली तुकडी उभी राहिली, वापिटी विमानांची. अस्पी हवाईदलात गेला. ते बक्षीस त्याला तिथं कामी आलं, आणि तो जिंकला ते बरंच झालं, असं टाटा नंतर स्वतः सांगत. 1960 साली अस्पी इंजिनिअर हवाईदलाचे प्रमुख झाले. "मी भरती झालो तेव्हा आमचे सर्वांत वरचे साहेब तेच," हे सांगताना आजोबांचा हात प्लगवरच थांबला होता.

पोरगा तरीही अडून बसला. "तिथं तिघंच होते, आजोबा. इथं लाखो आहेत."

"मग तर सोपं आहे लेका. लाखांतला एक पुढं गेल्यानं तुझी रँक किती हलणार? त्याला मात्र तुझ्या एका वहीनं किती फरक पडेल बघ. टाटांपुढं एकच गडी होता, तोही बरोबरीचा. त्यांना जास्त जड गेलं असणार."

आजोबांनी पॉलिश पेपरनं काजळी घासली, प्लग बसवला आणि किक मारली. दुसऱ्या किकला स्कूटर धडधडली. पोरगा बाटली तिथंच विसरून वर गेला.

त्यानं गादी उचलली. कंधारचा बघत होता. वही कुठून निघाली ते त्यानं पाहिलं आणि एक शब्दही विचारला नाही. सरळ रोटेशनल मोशनचा धडा उघडून वाचायला बसला. अर्ध्या तासानं म्हणाला, "हे कसं रे? सळईच्या टोकातून जाणाऱ्या अक्षासाठी तू एमएल वर्ग भागिले बारा लिहिलंस. ते मध्यातून जाणाऱ्या अक्षाचं. टोकाला भागिले तीन येतं."

उदगीरच्यानं वही ओढून घेतली. दोन महिने तो हेच सूत्र पाठ करत होता. टेस्ट सिरीजमध्ये तसलं गणित दोनदा चुकलं होतं आणि कारण सापडत नव्हतं.

"पेन दे," तो म्हणाला, "अन् पुढचं पानही तपास."