गावाने ऐकलेली नोंद

२०२३ च्या ऑगस्टअखेरीस अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचे उपोषण सुरू झाले. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथून जवळच, वडीगोद्रीत, लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसींच्या बाजूने उपोषणाला बसले. मागण्या परस्परविरोधी होत्या, तरी दोन्ही मांडवांत बोलणे एकाच गोष्टीभोवती फिरत होते : जुन्या सरकारी दप्तरातली नोंद. एक बाजू म्हणत होती, आमच्या कुणबी नोंदी आहेत, शोधून काढा. दुसरी म्हणत होती, खोट्या नोंदींवर दाखले वाटले जात आहेत, ते थांबवा. कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी तहसिलांतले बस्ते सुटले. खासरा पत्रके, जन्म-मृत्यूची रजिस्टरे, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे बाहेर आले, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले, आणि सापडलेली पाने स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. एवढ्या मोठ्या डिजिटल कामानंतरही मूळ प्रश्न शिल्लकच राहिला. ही नोंद खरी आहे, हे कोण सांगणार?

मराठवाड्यात नोंद आधी राज्यासाठी होती. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने इजारदारी मोडून जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून धारा ठरवण्याची पद्धत आणली. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची रचना, करून पगारी अधिकारी नेमले. दोन्ही मोठ्या सुधारणाच, पण दप्तराचा पहिला प्रश्न महसूल किती, हाच होता. हैदराबाद संस्थान विलीन झाले, १९५० चा कूळवहिवाट कायदा आला, १९५४-५५ ची खासरा पत्रके झाली, आणि जमीन कसणाऱ्याला दप्तरात आपला हक्क शोधता येऊ लागला. मराठवाड्यात जमिनीच्या वादात आजही खासरा पत्रक काढायला लोक धावतात, ते उगाच नाही.

नंतर संगणक आला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तलाठी सज्जावर भेटला नाही म्हणून मजुरी बुडवून परत फिरणाऱ्याला हा बदल काय आहे ते विचारावे. त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून तर ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावर उभा राहून आपल्या पिकाचा फोटो स्वतः चढवतो. आधी पाहणी तलाठ्याची होती.

मात्र हस्तलिखित सातबारा संगणकात उतरवताना नावे चुकली, क्षेत्र कमी-जास्त झाले, जुने फेरफार सुटले. दुरुस्तीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज करत लोक तहसिलात हेलपाटे घालत राहिले. अशा वेळी २०१७ मध्ये महसूल खात्याने केलेली एक गोष्ट मला या सगळ्या प्रवासात सर्वांत शहाणपणाची वाटते : चावडी वाचन. संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि हरकती तिथेच घ्यायच्या. गट कोणाचा, वहिवाट कोणाची, कोण कधी वारले, हे गावाला ठाऊक असते. यंत्राला ते माहीत असण्याचा मार्गच नाही.

ते वाचन एका मोहिमेपुरते राहिले, याची किंमत अंतरवाली सराटीच्याच परिसराने मोजली. अतिवृष्टीचे अनुदान आता ऑनलाइन जाते. तलाठी यादी चढवतो, तहसीलदार मंजुरी देतात, शेतकऱ्याला व्हीके (विशिष्ट) क्रमांक येतो, तो सेतू केंद्रावर अंगठा देतो आणि पैसे खात्यात पडतात. कागदावर ही साखळी निर्दोष आहे. तरीही अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत बनावट लाभार्थ्यांच्या नावे रक्कम उचलली गेल्याचे चौकशीत उघड झाले आणि २०२५ मध्ये महसूल कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. आधार खरे होते, बँक खाते खरे होते. त्या गटात त्या माणसाची जमीन होती का, एवढेच कोणी विचारले नाही. ज्या गावाच्या नावाने ती यादी निघाली त्या गावात ती वाचली गेली असती, तर पहिल्या दहा नावांतच कोणीतरी उठून उभे राहिले असते.

म्हणूनच शेतकरी ओळख क्रमांक, सातबारा आणि पिकाची नोंद एकत्र जोडण्याचे काम वेगाने चालले असताना माझी मागणी एका टप्प्याची आहे. तहसीलदारांच्या मंजुरीपूर्वी अनुदानाची यादी गट क्रमांकासह ग्रामसभेत वाचली जावी, आलेली प्रत्येक हरकत त्याच प्रणालीत नोंदवली जावी, आणि हरकतीचे उत्तर लेखी मिळेपर्यंत त्या नावापुढचा व्हीके क्रमांक निघू नये. आपली नोंद कोणत्या तारखेला, कोणत्या लॉगिनवरून बदलली, हेही सातबाऱ्याइतक्याच सहज खातेदाराला दिसले पाहिजे. ती माहिती प्रणालीत साठवता येते. खातेदारासाठी ती उघडण्याचा आदेश तेवढा निघायला हवा.