वाया जाणारं पाणी

टिहरीच्या तलावात माझी कयाक काठापासून सुटली आणि मनात पहिला विचार आला तो टँकरचा. समोर डोंगरांच्या मधून वळत गेलेलं हिरवं पाणी, नजर पोचेल तिथवर. आणि मी हातात वल्हं धरून मोजतेय, यातून किती टँकर भरतील. लातूरच्या माणसाला एवढं पाणी एकदम दाखवू नये. तो आधी त्याचे टँकर करतो, मग सौंदर्याकडे वळतो.

संध्याकाळी स्टेटसला फोटो टाकला. केशरी लाइफ जॅकेट, हसरा चेहरा, मागे पाणीच पाणी. पाच मिनिटांत चुलतबहिणीचा मेसेज आला, ‘मजा आहे बाई. इथं अकरा दिवस झाले, नळ नाही.’ टोमणा नव्हता तो. ती सहज बोलली होती. टोमणा असता तर बरं झालं असतं, कारण त्याला उत्तर देता येतं.

तसं उत्तर माझ्याकडे होतंच. मी वल्हं मारल्याने लातूरचं एक थेंबही पाणी कमी झालं नाही. मी गेले नसते तर ते पाणी काही मांजरा नदीत आलं नसतं. हिशेब अगदी बरोबर आहे. तरी मी फोटो काढून टाकला. तेव्हापासून विचार करतेय की हिशेब बरोबर असताना मला लाज कशाची वाटली?

त्याच्या चार दिवस आधी मी गोमुखला होते. गंगोत्रीपासून अठराएक किलोमीटर चालायचं, वाटेत चिरबासा, मग भोजबासा. दिवसाला दीडशेच माणसांना परवाना मिळतो. मला वाटलं होतं हिमनदी म्हणजे जाहिरातीतल्यासारखी पांढरीशुभ्र असेल. निघाली मळकट, दगडमातीने झाकलेली, एखाद्या मोठ्या खाणीच्या तोंडासारखी. १९३५ पासून ती दीड किलोमीटरहून जास्त मागे सरकली आहे. म्हणजे त्या वाटेचा शेवटचा तुकडा मी जिथे गोट्यांवरून ठेचकाळत चालले, तिथे माझी आज्जी जन्मली त्या सुमारास बर्फ होता. आणि त्या बर्फाच्या तोंडातून भागीरथी अशी धडाडत बाहेर पडत होती की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

तिथे बाकी सगळे हात जोडून उभे. माझ्या मनात आलं, ‘अरे, हे सगळं वाया चाललंय!’

हा शब्द माझा नाही, माझ्या गावाचा आहे. २०१६ साली मी दहावीत होते. मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली. पाण्यासाठी १४४ कलम! १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणी येऊ लागल्या. आमच्या घरी भाज्या धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासला. आई नळाखाली टिपाड ठेवायची आणि टिपाडाच्या कडेवरून चार थेंब सांडले तरी ओरडायची, ‘वाया घालू नका गं!’ सांडलेलं, वाहून गेलेलं, कुणाच्या भांड्यात न आलेलं पाणी म्हणजे वाया गेलेलं पाणी. हा धडा मला कुठल्याही पुस्तकापेक्षा पक्का पाठ आहे. पुण्यात रूममेट शॉवरखाली वीस मिनिटं उभी राहिली की अजूनही माझ्या पोटात कालवतं.

पण गोमुखाहून खाली येताना या शब्दाने पाठ सोडली नाही. पाणी समुद्राला मिळून वाया जातं, असं आपल्याकडे सभेत म्हटलं की टाळ्या पडतात. असं वाटणाऱ्यांनीच तर धरणं बांधली. मी ज्यात खेळले तो तलाव २६० मीटर उंच भिंतीमागे अडलेला आहे. कयाक शिकवणारा पोरगा मला म्हणाला, ‘दीदी, नीचे पुराना टिहरी है.’ भागीरथी आणि भिलंगना जिथे मिळायच्या तिथे वसलेलं आख्खं शहर. बाजार, घंटाघर, राजवाडा. सुंदरलाल बहुगुणा उपोषणाला बसले, वर्षानुवर्षं विरोध झाला, आणि अखेर २००५ च्या सुमारास शहर पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं की राजवाड्याचे अवशेष वर दिसतात, असंही त्याने सांगितलं. त्याचे आजोबा तिथलेच. तो आता त्याच पाण्यावर पर्यटकांना वल्हं धरायला शिकवतो.

मला वाटलं, मी कुणाच्या तरी अंगणावरून होडी हाकतेय. मग आठवलं की हे मी जन्मभर करत आलेय. आज्जीच्या धाकट्या बहिणीचं शेत धरणातच गेलं. ते पाणी आम्ही तीसेक वर्षं पितोय. मावशीआज्जी आमच्याकडे आली की आई तिलाही तांब्याभर पाणी देते. कुणी काही बोलत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी सहसा सांगत नाही. आमच्या दीड एकरात ऊस होता. २०१६ च्या आधीच्या वर्षीही होता. बोअर खोल खोल नेत बाबांनी तो जगवला, कारण कारखाना पैसे देतो आणि ज्वारी देत नाही. त्या उसावर माझी नांदेडची कॉलेजची फी भरली गेली. कॉलेज विष्णुपुरीला, बाजूलाच गोदावरीचा अडवलेला विस्तार. हॉस्टेलच्या मुली संध्याकाळी तिथे नुसत्या बसायला जायच्या, मीही जायचे. पुढे नोकरी लागली, त्यातून ही ट्रिप. म्हणजे माझ्या कयाकमध्ये थोडं लातूरचं जमिनीखालचं पाणी होतंच म्हणायचं. ‘गरजेचं पाणी’ आणि ‘मौजेचं पाणी’ असे दोन हंडे वेगळे ठेवता आले असते तर माझा प्रश्न सोपा झाला असता.

जाताना धरालीत आम्ही चहा प्यायलो होतो. रस्त्याला लागून हॉटेलं, सफरचंदाच्या बागा, मागून येणारा एक ओढा. ५ ऑगस्ट २०२५ ला त्याच ओढ्यातून चिखलाचा लोंढा आला आणि ती हॉटेलं गाडली गेली. व्हिडिओ मी बरेच दिवस पुन्हा पुन्हा बघत होते. ओढ्याच्या तोंडाशी हॉटेलं उभी राहतात ती आमच्यासारखे येतात म्हणून. न जाणं हे उत्तर आहे का? त्या शिकवणाऱ्या पोराला विचारलं तर तो नाहीच म्हणेल. मलाही ते पटत नाही. पण ‘आम्ही गेलो म्हणून त्यांचं पोट भरतं’ हेही मला जरा जास्तच सोयीचं वाटतं.

उन्हाळा संपायच्या आत लातूरला गेले. लाज वाटत असूनही आज्जीला मोबाइलवर सगळं दाखवलं. वाटलं, ती म्हणेल, बर्फ बघायला एवढे पैसे? ती म्हणाली, ‘आवाज मोठा कर की.’ गोमुखाचा व्हिडिओ तिने तीनदा ऐकला. ऐकला म्हणतेय, कारण डोळे मिटले होते. मग मला २०१६ चा पावसाळा आठवला. धरण भरलं तेव्हा सगळं लातूर बघायला लोटलं होतं. कुणी घागर नेली नव्हती. आज्जीने खण-नारळ नेऊन नदीची ओटी भरली आणि दोन तास काठावर बसून राहिली. घरी यायला तयार नव्हती. शेत गेलेली तिची बहीणही शेजारीच बसली होती. दोघी काय बोलल्या माहीत नाही, बहुतेक काहीच नाही.

कयाकचा व्हिडिओ आला तेव्हा आज्जी हसली. ‘पडली असतीस म्हंजी?’ मग थोडं थांबून विचारलं, ‘तिथल्या बायांना पाणी किती लांबून आणावं लागतं गं?’

मी म्हणाले, ‘आज्जी, तिथं नदी आहे. तलाव आहे.’

‘ते खाली. बाया राहतात वर, डोंगरावर. दिसतंय की.’

दिसलं होतं मलाही. तलावावरून गाडी वर चढत होती तेव्हा एका वळणावर बारीक धार लागलेली, तिच्यापुढे प्लास्टिकच्या घागरी रांगेत आणि कठड्यावर बसलेल्या चार-पाच बायका. त्यांच्या मागे, खाली, तो आख्खा तलाव. मी खिडकीतून तलावाचा फोटो काढत होते, त्या फोटोत येऊ नयेत म्हणून मोबाइल जरा वर धरला होता.

आज्जीला मी तेवढं सांगितलं नाही. ती उठून टिपाडावरचं झाकण नीट बसवायला गेली.