उरलेल्या गोळ्यांचा सदका

मागील महिन्यात जुमाच्या नमाजनंतर एका तरुणाने आपल्या आईचा प्रश्न माझ्यापुढे ठेवला. वडिलांचे निधन झाले होते. त्यांच्या संधिवाताच्या गोळ्या घरात उरल्या होत्या. शेजारच्या खालांचेही गुडघे दुखतात. मरहूमांच्या नावे, ईसाले सवाब म्हणून, त्या गोळ्या खालांना द्याव्यात काय?

वाचकहो, या प्रश्नामागील माया निर्मळ आहे. परंतु गोळ्यांचे नाव पाहून मी चपापलो. ते मेथोट्रेक्सेट होते. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. ती चुकून रोज घेतली गेली, तर तोंड येते, हाडांतील रक्त निर्माण करणारी मज्जा खचते, आणि माणूस दगावूही शकतो. गर्भालाही ती घातक आहे. म्हणून घरातील गरोदर सुनेला ती तोडायला वा कुटायला सांगू नये. आणि दिसायला? रक्तदाबाच्या गोळीसारखीच इवलीशी.

असे काही घडले की आपण म्हणतो, नियत साफ होती, नियतीने घात केला. या दोन शब्दांच्या आड आपण किती सहज लपतो! कर्माचे मोल नियतवर ठरते, हे खरेच. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हेही बजावले आहे की, वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीस जबाबदार आहे. अनवधानाने एखाद्या मोमिनाचा जीव घेतला गेला, तरी सूरह निसाच्या 92व्या आयतीत रक्तमूल्य व प्रायश्चित्त सांगितले आहे. हेतू शुद्ध असल्याने पाप हलके होईल. जबाबदारी पुसली जात नाही.

आपल्या घरांत औषधे कोठे असतात? फ्रिजवर, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी, नातवंडांच्या हाताशी. पाकिटावरचे नाव इंग्रजीत, बारीक अक्षरांत. दादीजान रंगावरून गोळी ओळखतात. अशी गोळी वेगळ्या, कुलुपाच्या डब्यात असावी. डॉक्टरांनी नेमून दिलेला वार डब्यावर ठळक मराठीत लिहावा, आणि ती एकाच जाणत्या व्यक्तीने द्यावी. घेतली की नाही, असा संशय आला तर दुसरी देऊ नये, डॉक्टरांना विचारावे.

मी त्या तरुणाला म्हणालो, "सदका करायचाच असेल, तर खालांच्या तपासणीची फी भरा."

पुढच्या जुमाला तो भेटला. खालांना संधिवात नव्हताच. वयोमानाने गुडघ्यांची झीज झाली होती. फी त्याच्या आईने अब्बांच्या नावे दिली, आणि गोळ्या रुग्णालयाच्या औषध विभागात नेऊन परत केल्या.