पाण्याला प्लस कोण लावतं?

फ्लक्स शिकताना मला त्यातला वेगापेक्षा पृष्ठभागच जास्त विचित्र वाटला होता. पाणी किती जातंय हे मोजायचं, तर आधी ‘कशातून’ ते ठरवावं लागतं. नदीत एक चौकट प्रवाहाला आडवी धरा, पाणी तिच्यातून जाईल. प्रवाहाला समांतर धरा, उत्तर शून्य. शिवाय चौकटीची कुठली बाजू ‘बाहेरची’, हेही आपणच ठरवायचं. त्यावरून उत्तराला प्लस लागतो किंवा मायनस.

हे गणितापुरतं असतं तर सोपं होतं. मी डोंबिवलीत राहतो. कल्याण-डोंबिवलीचं पाणी उल्हास नदीतून उचललं जातं. पाऊस सरल्यावर त्या नदीला बारवी धरणाचा आधार असतो, तसा आंध्रा धरणाचाही. हे दुसरं धरण मावळात आहे. आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला. म्हणजे ते पाणी मूळचं पूर्वेचं, पंढरपूर-सोलापूरच्या वाटेवरचं. टाटांनी ते अडवून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवलं आणि १९२२ पासून भिवपुरीला त्यावर वीज तयार होऊ लागली. वीज झाली की तेच पाणी उल्हास नदीत येतं.

आता घाटमाथ्यावर एक काल्पनिक चौकट उभी करा. तिच्यातून जाणारा आकडा एकच. आपल्या वहीत तो प्लस, भीमेच्या वहीत मायनस. हे पाणी भीमा खोऱ्यात परत वळवा, अशी मागणी तिकडून होते, तेव्हा आपल्याला ती ‘आमचं पाणी पळवताहेत’ अशी ऐकू येते.

अर्धा इंची नळातून सेकंदाला एक मीटर वेगाने पाणी आलं, तर मिनिटाला साधारण साडेसात लिटर भरतं. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा मापदंड धरतात, म्हणजे नळ अठरा मिनिटं चालू. ही गरज खरी आहे. वीजही खरी गरज आहे. पण दुष्काळी शिवारातली तहान खोटी ठरवून आपली गरज जास्त खरी होत नाही.

म्हणून मला एवढंच वाटतं: पाण्याच्या वाटपाचा वाद घालताना आधी चौकट मोठी करावी. दोन्ही खोरी आत येतील एवढी. मग आपला प्लस आणि त्यांचा मायनस एकाच पानावर येतात. कुणाला किती द्यायचं, हे त्यानेही सुटणार नाही. पण निदान पाणी ‘मिळालं’ म्हणताना ते कुणाकडून, हेही त्याच ओळीत लिहावं लागेल.