सामाईक वस्तूचा धर्म

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण माणसांस जितकी लागू पडते, तितकीच वस्तूंसही पडते. जी वस्तू सर्वांची, तिची काळजी कोणाचीच नव्हे, हा अनुभव गावच्या विहिरीपासून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेपर्यंत सारखाच येतो. तेव्हा सामाईक वस्तूत सुधारणा करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न केवळ व्यवहाराचा नसून नीतीचाही आहे. वैद्यकीय संशोधनात लागणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या उदाहरणाने त्याचा विचार करू.

लेव्हेनहूक या डच कापडव्यापाऱ्याने स्वतः घडविलेल्या भिंगांतून पाण्यातील अतिसूक्ष्म जीव पाहिले. परंतु आपली उत्तम यंत्रे तो कोणास दाखवीत नसे. साहजिकच त्याच्या म्हणण्याविषयी विद्वानांस शंका होती. ती फिटली १६७७ साली, रॉबर्ट हूकने तसलेच जीव लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभेत इतरांस दाखविले तेव्हा. एकट्याने पाहिलेले ज्ञानपदवीस पोचत नाही. ते दुसऱ्यासही पाहता आले पाहिजे. म्हणून यंत्र सामाईक असणे ही नुसती काटकसर नव्हे, तो ज्ञानाचा स्वभावच आहे. तथापि या कथेस दुसरी बाजू आहे. १७२३ साली लेव्हेनहूक वारला, तेव्हा त्याने चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक त्याच सोसायटीस ठेवले. एका माणसाने जिवापाड जपलेली ती ठेव विद्वानांच्या संस्थेकडून पुढल्या शतकात नाहीशी झाली!

आज असे यंत्र घेणे एकट्या अध्यापकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संस्थेने १९८२ साली सामाईक उपकरणांसाठी अनुदानाची योजना काढली. निदान तीन संशोधकांची गरज दाखविली पाहिजे, हा तिचा नियम उत्तमच होय. परंतु पैसा खरेदीपुरता. यंत्र चालविणाऱ्याचा पगार आणि दुरुस्तीचा करार यांचा भार विद्यापीठाने सोसावयाचा. दात्याच्या दृष्टीने हे रास्तही असेल. पण नव्या यंत्राचे उद्घाटन होते, जुन्याच्या देखभालीचे होत नाही. आणि म्हणून संस्थांचा हात आखडतो तो नेमका येथे.

याचा परिणाम पाहा. पेशींस चकाकणारे रंग लावून पाहण्याच्या यंत्रातील पाऱ्याच्या दिव्याचे आयुष्य सुमारे दोनतीनशे तासांचे. त्याचा उजेड हळूहळू मंदावत जातो. आज पाहिलेल्या आणि महिन्याने पाहिलेल्या पेशींत फरक दिसला, तर तो रोगाचा की दिव्याचा? सांभाळणारा जाणता माणूस नसेल, तर विद्यार्थी तो रोगाच्या खाती मांडील, आणि त्या चुकीची झळ शेवटी रोग्यास लागेल. याउलट, तेथे दीर्घकाळ एकसारखा उजेड देणारा एलईडी दिवा बसविला, तर नव्या यंत्राच्या मानाने खर्च अल्प आणि लाभ मात्र प्रत्येकास.

मग अधिक सूक्ष्म पाहण्याची आकांक्षाच धरू नये काय? तसे मुळीच नाही. प्रकाशाने पाहण्याची जी मर्यादा अर्न्स्ट आबेने १८७३ साली सांगितली, ती म्हणजे सुमारे एका मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. ती ओलांडणाऱ्या तिघांस २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याचा प्रश्न अशा यंत्रावाचून सुटणारच नाही, त्याची मागणी न्याय्यच आहे. पण निर्णयाच्या सभेत मोठ्या अनुदानांचे धनी बसलेले असतात. पुढल्या वर्षी येणारा गरीब विद्यार्थी तेथे नसतो, आणि वस्तू तर त्याचीही असते.

त्याच्या वतीने एकच प्रश्न विचारावा : नव्या यंत्राची राखण कोण करील, आणि त्याचा पगार कोठून येईल? याचे उत्तर देता येत असेल तर यंत्र अवश्य आणावे. येत नसेल तर ते पैसे जुन्याच्या डागडुजीस आणि ते जाणणाऱ्या माणसास लावणे, हीच खरी सुधारणा होय.